सकाळी सातचा संदेश

आवाज पुरुषाचा होता, वयस्कर होता, आणि क्लासच्या मोबाइलवर नाव मात्र दिसत होतं मुबश्शिरा, बॅच सात, मुली. मी दात घासत होतो. तोंडात फेस तसाच धरून मी तो व्हॉइस मेसेज ऐकला. आधी खाकरणं, मागे शिलाई मशीनची घरघर, मग ती थांबली आणि माणूस शब्द निवडत बोलायला लागला. "सर, सलाम. मी पाशामियाँ, उदगीरहून. ते तुमचं दहा मिनिटं चालायचं लिहून आलं होतं ना, ते मी करून राहिलो. दुकानापासून चौबाऱ्यापर्यंत जातो अन् वापस येतो. पहिले पहिले पाय उचलत नव्हते. आता बरं वाटून राहिलं. एक विचारायचं होतं. ते रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायचं हाय ना, ते उर्दूत लिहिलं तर चालंल का? मराठी वाचता येतंय मला, लिहायला हात बसत न्हाई." एवढंच. मी थुंकलो, चूळ भरली आणि पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत मला कळून चुकलं होतं की हा माणूस त्या मुलीचा बाप आहे, आणि आठ महिने मी जिच्याशी बोलतोय असं समजत होतो ती मुलगी त्या नंबरावर कधी नव्हतीच.

माझं काम सांगायला मला लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगतो. लातुरात माणिकप्पा सरांचा मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा क्लास आहे, अकराशे चाळीस मुलं, एक शाखा नांदेडला. मागच्या वर्षी शहरातल्या कुठल्याशा होस्टेलमधला एक मुलगा गेला. आमच्या क्लासचा नव्हता, हे सरांनी मीटिंगमध्ये तीन वेळा सांगितलं, आणि चौथ्यांदा सांगण्याऐवजी मला नेमलं. मी नांदेडला समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेलं, नाव रामलिंग, वय तेहतीस, बोलायला मऊ. माझ्या दारावर समुपदेशक अशी पाटी लागली. पण अकराशे चाळीस पोरांना एकेक करून भेटायला सवड कुणाला, त्यांनाही नाही आणि क्लासलाही नाही. तेव्हा ठरलं की रोज सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश जाईल. उदास वाटत असेल तर आपलं आपण काय करायचं, ते सोप्या मराठीत. ऊन घे. दहा मिनिटं चाल. झोपायची वेळ ठरव. एका माणसाशी बोल. मोठं काम छोटे तुकडे करून कर. दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिही. या गोष्टी खोट्या नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. जगभर तपासून पाहिलेल्या आहेत, थोडं उदास असलेल्या माणसाला उपयोगी पडतात. खोटा मी होतो. आठच्या आत प्रत्येक मुलानं उत्तर म्हणून वर केलेला पिवळा अंगठा पाठवायचा, नाही पाठवला तर गैरहजर. दर शनिवारी एकच प्रश्न: आज मन कसं आहे, एक ते दहा. त्या आकड्यांचा आलेख निघायचा, तो सरांकडे जायचा. मी सकाळी सहाला उठून लिहायचो, 'तू एकटा नाहीस', आणि लिहिता लिहिता मला माझ्याच बोटांची शिसारी यायची. ओळख ना पाळख, आणि तू. माझी आई म्हणते तसं उंटावरून शेळ्या हाकणं. सात वाजता पाठवलं की पिवळे अंगठे यायला लागायचे, पाचशे, सातशे, हजार, एकसारखे, गुळगुळीत. त्यांना वय नव्हतं, आवाज नव्हता. मी ते पाहून चहा प्यायचो.

क्लासला पोचल्यावर मी प्रवेश अर्जांचा गठ्ठा काढला. व्हॉट्सअ‍ॅप नंबर अशी एक रिकामी चौकट, आणि तीत बापांनी आपापले नंबर लिहिलेले, काही ठिकाणी आयांनी, काही ठिकाणी गावातल्या एखाद्या चुलत्यानं. मुलांचे नंबर लिहायचे तरी कसे? होस्टेलात स्मार्टफोन चालत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी फाटकाशी टेबल टाकून प्रत्येक पोराचा फोन काढून घेतात, त्याला टोकन बांधतात आणि लोखंडी पेटीत टाकून कुलूप लावतात, तो मेमध्ये परीक्षा झाली की मिळतो. लातुरात हे इतकं सर्रास आहे की कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. आणि त्या टेबलावर यंदा कोण बसलं होतं? मी. टोकनावर नंबर मीच घातले होते. एका पोरीनं फोन देताना पडद्यावरचा आपल्या आईचा फोटो एकदा पाहून घेतला होता, तेही मला आठवलं, आणि मी तिला पुढे हो म्हणालो होतो. जूनमध्ये फोन पेटीत घातले आणि जुलैपासून फोनवर धीर द्यायला बसलो. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मी सातवीच्या पेपरात वाक्यात उपयोग करून लिहिली होती. आता तिच्या आतच राहत होतो. फरक एवढाच की या वेळी पखालही आजारी निघाली.

अंगठे. ते गुळगुळीत अंगठे मला पहिल्या दिवसापासून ओळखीचे का वाटत होते, ते त्या गठ्ठ्यापुढे बसल्यावर उमगलं. भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमचं गाव किल्लारीच्या जवळच. माझी धाकटी बहीण त्यात गेली. त्या पहाटेचं मला फारसं आठवत नाही, लोकांना ते खरं वाटत नाही, गेल्या सप्टेंबरात पंचवीस वर्षं झाली म्हणून एक बाई माइक घेऊन आली होती तिलाही वाटलं नाही. मला आठवतात ते नंतरचे महिने, पत्र्याची शेड, दुपारी तापलेला पत्रा, आणि सगळ्यावर मारलेल्या फिनाइलचा वास, भाकरीला सुद्धा तोच वास. चादर आली की रजिस्टर यायचं, आई अंगठा द्यायची. बादली आली, अंगठा. कंदील आला, अंगठा. तिचा अंगठा दिवाळीपर्यंत निळा होता. मग शहरातून काही माणसं आमच्या मनासाठी आली. चांगली माणसं होती, घाम पुसत बसायची. पोरांना कागद आणि खडू दिले आणि म्हणाली, मनात असेल ते काढा. माझ्या मनात त्या वेळी बिस्किटाचा पुडा होता, तो त्यांच्या पिशवीतून दिसत होता. मी पडलेलं घर काढलं, खाली लाल रंग भरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि पुडा दिला. पुढच्या आठवड्यात मी दोन पडलेली घरं काढली. त्यांना काय हवं ते मला आठव्या वर्षी कळलं होतं, आणि त्यांना मी बरा होतोय असं वाटलं. बिस्किट तोंडात विरघळताना मला ओकारी यायची आणि तरी मी खायचो. आई मात्र बोलत नव्हती. तिला त्यांनी खडू दिले नाहीत.

माणिकप्पा सरांना मी सगळं सांगितलं. ते टेबलावर बॅनरचा नमुना पसरून बसले होते. वर मोठ्या अक्षरात 'मन खंबीर तर रँक नंबर', खाली एका मुलीची डोक्यावर ओढणी घेतलेली आकृती, आणि शेजारी आलेख, जुलैमध्ये तीन, फेब्रुवारीत आठ, बाण वर. आकृती कुणाचीही असेल, आलेख मुबश्शिराचा होता. संपूर्ण क्लासमध्ये सगळ्यात जास्त सुधारणा तिची, म्हणून तो मीच काढून दिला होता. मी म्हणालो की हा आलेख तिचा नाही, तिच्या बापाचा आहे. सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग बापाला बरं वाटलं ना? वाईट काय झालं? पालक समाधानी असले की पोरगं टिकतंय. तू संदेश पाठवत राहा, रामलिंग. ह्या अर्जाचं कुठं बोलू नको." त्यांच्या आवाजात एक थंड शहाणपण होतं, ते मला सर्वांत किळसवाणं वाटलं, कारण त्यात माझाही आवाज मिसळलेला होता. खोलीत रूम फ्रेशनरचा गोड वास होता. मला वाटलं, ती मुलगी कशी आहे हे या इमारतीत या क्षणी एकाही माणसाला माहीत नाही, आणि तसं ठरवून झालेलं नाही, सगळ्यांनी आपापलं काम नीट केल्यामुळे झालं आहे. बाहेर पडताना ते म्हणाले, नमुना आज छापायला जातोय. मी हो म्हणालो. मी नेहमी हो म्हणतो.

होस्टेल दोन गल्ल्यांपलीकडे. दोन्ही बाजूंना भिंतभर पोरांचे फोटो, मार्क, रँक, सगळ्यांचे चेहरे एकाच दुकानात इस्त्री केल्यासारखे. दुपारच्या मेसचा वास जिन्यावर आला होता, उकळून उकळून काळी झालेली आमटी, आणि त्याखाली फरशीवर मारलेलं फिनाइल. माझे पाय पहिल्या मजल्यावर थांबले. तेहतीस वर्षांचा माणूस कठडा धरून उभा राहतो आणि नाकानं नाही, तोंडानं श्वास घेतो, हा उपाय मी कधी कुणाला पाठवला नव्हता. रेक्टर मॅडमनी रजिस्टर पाहून सांगितलं की मुबश्शिरा ठीक आहे, तिचा रोजचा अंगठा येतो. दारात तिची खोलीसोबतीण शिवांगी उभी होती, हातात फिजिक्सची वही. तिनं मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "अकरा दिवस झाले सर, ती क्लासला आली न्हाई. जेवायलाबी उठत न्हाई. मी सांगितलं होतं ऑफिसात. ते म्हणले अंगठा यायलाय ना."

मुबश्शिरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मॅडमनी हाक मारल्यावर उठून बसली, ओढणी सावरली, सवयीनं चप्पल शोधली. सतरा-अठराची, ओठ फुटलेले, केसांचा एकच गुंता झालेला. मी स्टूल ओढून बसलो. मॅडम दारात, शिवांगी पलंगाच्या कडेला. मला त्या घडीला दोनशे चाळीस संदेश पाठ होते आणि त्यातला एकही तोंडात येईना, आला असता तर मी तो गिळला असता. मी विचारलं, माझे संदेश मिळतात का. ती म्हणाली, कोणते? तिच्या चेहऱ्यावर भीती आली, आपलं काही चुकलं की काय अशी, आणि मला स्वतःला चपलेनं मारावंसं वाटलं. मग हळूहळू, विचारलं तेवढंच, ती सांगत गेली. अम्मी, म्हणजे तिची आई बानो, मागच्या रमजानच्या आधी गेली. अब्बांनी दोन महिने दुकान उघडलं नाही, मशीनवर चादर टाकून ठेवली होती. तरी जूनमध्ये हिला इथं आणून सोडलं, अम्मीची इच्छा होती म्हणून. दर रविवारी मॅडमच्या फोनवरून तीन मिनिटं बोलायला मिळतं. अब्बा विचारतात, ठीक? ही म्हणते, ठीक. ही विचारते, ठीक? ते म्हणतात, ठीक. तीन मिनिटंही लागत नाहीत. मी माझा शनिवारचा प्रश्न विचारला, आठ महिन्यांत पहिल्यांदा एखाद्या पोराच्या तोंडाकडे बघून. एक ते दहा. ती बोटांकडे पाहत म्हणाली, "दोन." मग म्हणाली, "कधी कधी एक." मी पुढचं विचारायला हवं होतं तेही विचारलं, सरळ, शब्द न लपवता. जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का. ती नाही म्हणाली. फक्त सकाळ होऊ नये असं वाटतं, म्हणाली.

माझी आई दोन महिने बोलली नव्हती. शेजारच्या शेडमध्ये केवळाबाई होती, तिचे दोन्ही मुलगे गेलेले. ती रोज दुपारी यायची, आईच्या मागे बसायची, तेलाची वाटी शेजारी ठेवून तिचे केस विंचरायची. मन मोकळं कर म्हणायची नाही, देवाची मर्जी म्हणायची नाही. काहीच म्हणायची नाही. विंचरून झालं की वेणी घालायची आणि उठून जायची. एके दिवशी आई म्हणाली, "हळू, दुखतंय." दोन महिन्यांतला तो पहिला शब्द होता, आणि केवळाबाई फक्त म्हणाली, बरं. मनासाठी आलेली माणसं तेव्हा शेजारच्या गावी गेली होती, त्यांच्या कागदांत याची नोंद कुठंच नसेल. हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत असून मी अंगठे मोजत होतो, याची जी घाण वाटली ती त्या खोलीत बसल्या बसल्या वाटली, आणि अजून गेलेली नाही.

मी मोबाइल काढला. दुसऱ्या माणसानं विश्वासानं पाठवलेलं असं कुणाला ऐकवायचं नसतं, हे मला शिकवलेलं आहे. मी ऐकवलं. मशीनची घरघर आली तशी तिनं मान वर केली. "दुकान चालू केलं?" ती म्हणाली. चौबारा आला तेव्हा तिचा चेहरा वेडावाकडा झाला, हसू की रडू ते मला कळलं नाही, शिवांगीनं तिचा हात धरला. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग मी उदगीरला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. पाशामियाँ आधी मलाच समजून सलाम करत होते. ती म्हणाली, "अब्बा, मेरेकू ठीक नै लगरा. बहुत दिनां से." पलीकडची मशीन थांबली. मग तो खाकरण्याचा आवाज, आणि, "मेरेकू भी नै लगता था, बेटा. मैं आरूं." निघतो एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. रेक्टर मॅडम म्हणाल्या, सरांना विचारल्याशिवाय मुलीला सोडता येत नाही. मी माझ्या नावानं सही केली आणि खाली समुपदेशक लिहिलं. आठ महिन्यांत त्या शब्दाचा पहिला उपयोग झाला.

पाशामियाँ चारच्या एसटीनं आले. अंगात शिवता शिवता उठून आलेल्या माणसाचा सदरा, खांद्याला दोऱ्याचे तुकडे. आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला तासभर बसवून घेतलं, गोळ्या दिल्या, काही आठवडे घरी ठेवा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आणा म्हणाले, परीक्षा पुढच्या वर्षीही असते म्हणाले. चालण्याचं त्यांनीही सांगितलं, गोळ्यांच्या जोडीला. पाशामियाँ माझ्याकडे बघून म्हणाले, आम्ही दोघं जाऊ चौबाऱ्यापर्यंत. स्टँडवर त्यांनी मला चहा पाजला. माझे संदेश आपल्यासाठीच येतात असं त्यांना वाटलं होतं, क्लासवाले पालकांचीही किती काळजी घेतात, असं. मी त्यांना खरं सांगितलं. ते कपाकडे बघत म्हणाले, म्हणजे पोरीचं औषध मी पिऊन राहिलो होतो. मी म्हणालो, ते तुम्हालाही लागू होतं. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलं नाही, आणि मलाही माझ्या तोंडून ते ऐकवलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला मी रोजच्यासारखा लिहायला बसलो. त्या दिवसासाठी ठरलेला संदेश होता, आवडतं गाणं ऐक. मी तो खोडला आणि लिहिलं: हा संदेश तुमच्या मुलाला किंवा मुलीला मिळत नाही. गेल्या आठ महिन्यांत एकही मिळालेला नाही. त्यांचे फोन आमच्याकडे कुलपात आहेत. ते कसे आहेत हे आम्हाला माहीत नाही. उद्या रविवार आहे. येऊन भेटा, आणि ठीक आहे म्हणाले तरी थोडा वेळ बसा. खाली माझं नाव. सातला पाठवला, शनिवारचा नेहमीचा प्रश्न त्याच्यामागे आपोआप गेला. सात वाजून एक मिनिटानं पहिला अंगठा आला. मग दुसरा. मग नेहमीसारखे धो धो, दोनशे, चारशे, सहाशे, पिवळे, गुळगुळीत, वाचल्यावाचून दिलेले, आईनं चादरीसाठी दिला होता तसे, कारण न दिल्यास लेकराचं नुकसान होतं. एकानं लिहिलं, खूप प्रेरणादायी, सर. मी न्हाणीत जाऊन खरोखर ओकलो. आंबट पाण्याशिवाय काही पडलं नाही. परत आलो तेव्हा अंगठ्यांच्या रांगेत कंधारच्या एका आईचा प्रश्न दिसला, म्हंजे काय सर, मला नीट सांगा. तिच्याखाली मुदखेडच्या एका बापाचा, मी आत्ता निघू का. असे सतरा होते. अकराशे चाळिसात सतरा. आणि वर माणिकप्पा सरांचा कॉल वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता.

सव्वासातला शनिवारच्या प्रश्नाचं उत्तर उदगीरहून आलं. मुबश्शिरा, बॅच सात. आकडा दोन. जुलैपासून चढत गेलेली रेघ पडद्यावर आठवरून सरळ खाली कोसळली, आणि बॅनर तर छापायला गेलेलं होतं. आठ महिन्यांत त्या रकान्यात पडलेला तिचा पहिला आकडा. मी तो बघत असतानाच खाली मराठीत एकेक शब्द जोडून लिहिलेलं आलं, लिहायला खूप वेळ लागला असणार: सर, हे तिचं हाय. तिनं सांगितलं तेच लिहिलं. माझं वेगळं लिहू का? माझं आज सहा.

सरांचा फोन पुन्हा वाजायला लागला होता. मी आधी उदगीरला उत्तर दिलं. लिहा, म्हटलं. दोघांचंही लिहा, आणि ते तीन चांगल्या गोष्टींचं उर्दूत चालेल.